मुखपृष्ठावरचं कोपर

मामा : चेहरा कुठाय?

भाची : कुणाचा?

मामा : कुणाचा म्हणजे? गाणारीचा! बावीस वर्षं मी हे संगीताचं मासिक काढतोय, आणि बावीस वर्षं मुखपृष्ठावर गाणाऱ्याचा चेहरा आहे. तू काय दिलंयस, तर गायिकेचा नुसता खांदा आणि तिच्यामागे उभ्या या तिघी. आणि मासिकाचं नाव?

भाची : खाली, उजव्या कोपऱ्यात.

मामा : तिथे लोक अंगठा ठेवतात.

भाची : मामा, तूच म्हणालास ना, या अंकाची मांडणी तुझी, मोकळ्या हाताने कर?

मामा : मोकळ्या हाताने म्हणालो. डोळे मिटून नाही म्हणालो. ये इकडे. ते जुने अंक घे आणि एकावर एक असे ठेव, की प्रत्येकाची वरची चारच बोटं दिसतील. अस्सं. स्टॉलवर असेच मांडतात. आता तुझा कागद मधे सरकव. काय दिसतंय?

भाची : काळी पट्टी.

मामा : काळी पट्टी! ती कोण विकत घेणार?

भाची : बरं, पटलं. नाव वर.

मामा : एवढ्यात पटलं? तुझी आई इथे असती तर तासभर भांडली असती.

भाची : कारण सांगितलंस म्हणून पटलं. आता चेहऱ्याचं कारण सांग.

मामा : त्याला कारण कशाला हवं? पद्धतच आहे तशी.

भाची : अंक कशावर आहे आपला?

मामा : कोरसवर. मागे उभं राहून गाणाऱ्यांवर.

भाची : मग मुखपृष्ठावर कोण हवं?

मामा : तू वकीलच व्हायचीस. अगं, ओळखीचा चेहरा दिसला की माणूस अंकाला हात घालतो. या मागच्या तिघींना कोण ओळखतं? गठ्ठेच्या गठ्ठे परत येतील. पाच वाजता छापखान्यात पान द्यायचंय आणि तू मला—

भाची : मी ओळखते. मधली माझी आई आहे.

मामा : हं.

भाची : तुझी सख्खी बहीण. फोटो तुझ्याच कपाटात मिळाला, जुन्या निगेटिव्हच्या पाकिटात. तुझ्या पहिल्या अंकावर हाच फोटो होता ना? पण त्यात या तिघी नाहीतच.

मामा : जागा नव्हती.

भाची : जागा होती, मामा. मी मोजली.

*(आई डबा घेऊन आत येते.)*

आई : गुंड्या, डबा विसरलास.

मामा : ताई, ऑफिसात तरी गुंड्या नको गं. संपादक आहे मी.

आई : बरं. संपादक गुंड्या, डबा घ्या. आणि हे काय पसरलंय टेबलावर? अगं बाई! तो माईक! तिघींत मिळून एकच होता, ढकलाढकली करत गायचो. हा आख्खा फोटो मिळाला कुठे तुम्हाला?

भाची : कपाटात. आवडला?

आई : आवडला काय! त्या फोटोग्राफरने तेव्हा घात केला आमचा. मी छापून येणार म्हणून सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. पाच अंक घेतले. हातात घेऊन बघते, तर गाणारीच्या खांद्यामागे माझं कोपर! बाकी सगळा अंधार. तरी मी लोकांना दाखवायची, हे कोपर बघा, हे माझं. पण त्या फोटोग्राफरशी पुन्हा बोलले नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेले नाही.

मामा : ताई, फोटोग्राफरने नाही कापलं.

आई : मग?

मामा : मी. पट्टी धरली आणि ब्लेड चालवलं. पहिलाच अंक होता. लोक म्हणाले असते, बहिणीला मिरवायला मासिक काढलंय.

आई : म्हणजे बावीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला पाहून रस्ता बदलतेय, ते उगाच?

मामा : हो.

आई : गाढवा!

मामा : हो.

आई : आणि कोपर तेवढं कशाला ठेवलंस? तेही उडवायचंस.

मामा : तिथवर आलो होतो. मग ब्लेड पुढे जाईना.

भाची : मामा, साडेतीन झालेत. कुठलं पान पाठवू?

मामा : हेच. नाव वर घे. आणि फोटो अजून मोठा कर. हिचं डोकं नावावर येऊ दे.

भाची : अरे, नावातलं अक्षर झाकलं जाईल! आत्ताच तर तू स्टॉलचं सांगितलंस.

मामा : अक्षर झाकलं तरी वाचक नाव ओळखतो. पण डोक्याने नाव झाकायचा मान कुणालाही देत नाहीत. ज्याला दिला, तो माणूस मासिकाच्या नावापेक्षा मोठा. मी दोनदाच दिलाय आजवर.

आई : माझा अंबाडा बघितलास का केवढा होता? एक नाही, दोन अक्षरं जातील.

मामा : जाऊ देत.

भाची : आणि गठ्ठे परत आले तर?

मामा : मी स्वतः उभा राहीन स्टॉलवर. ओरडून विकेन.

भाची : मग अनुक्रमणिकाही नवव्या पानावर ठेवू? आधी आठ पानं नुसते फोटो?

मामा : लाडात येऊ नकोस. अनुक्रमणिका तिसऱ्या पानावर. नवव्या पानापर्यंत कोण शोधत बसणार?

भाची : आणि खांदा?

मामा : असू दे. गाणारी पुढे उभी होती, एवढं त्याने कळतं. ताई, खाली तिघींची नावं छापायची आहेत. डावीकडून सांग.

आई : सांगते, पण आधी त्या दोघींना विचारू दे. न विचारता कसं छापायचं? तुझा फोन दे गं इकडे. चष्मा कुठे गेला... हां, वाजतोय. हॅलो? अगं, मीच बोलतेय. नाही नाही, सगळे बरे आहेत. तू आधी खाली बस बघू.