पुढचं चाक

जरा हळू बोलते हां. सासू आत हाय, निजलीय वाटतं, पन तिचे कान कदी निजत नाय. मी मूळची कल्यानची, दुर्गाडीखालच्या कोळीवाड्यातली, लगीन होऊन ठान्याला आली, म्हनजे खाडी तीच, एका टोकाचं पानी सोडून दुसऱ्या टोकाला आली एवढंच. बाप जाळी विनायचा, आई टोपली घेऊन दारोदार फिरायची आनि मी तिच्या पदराला धरून मागं, त्याच्यामुळं गिऱ्हाईक कसं घासाघीस करतं ते मना चालायला शिकतानाच कळलं. नवरा मात्र कोळी असून होडीत बसायचा नाय. काय सांगू तुमाला, लग्नात सगळे बोलले मुलगा खाडीवरचा हाय, आनि घरी येऊन बघते तर ह्याच्या नखांत काळं ग्रीस. लढाईच्या वक्ताला कल्यानला गोऱ्यांची छावनी होती ना, तिथं वर्कशॉपात हा हाताखाली होता, मोटरसायकली तिथंच शिकला. मी तोंडावर सांगितलेलं, माशाचा वास मना चालतो, पेट्रोलचा नाय चालत. तो हसला. हसून सोडून देनं ही त्याची खोड, अजून गेली नाय.

लढाई संपली तशी छावनीतल्या गाड्या विकायला काढल्या. त्यातली एक जुनी, कोनी घेईना अशी, माजे थोरले दीर घेऊन आले. दीर मासळीचा धंदा बघायचे. फाळनीनंतर सिंधी लोक येऊन छावनीच्या बराकींत राह्यले, तिथं ताज्या मासळीला हीऽ मागनी, तर हे पाटी बांधून मोटरसायकलवर ठान्यावरून कल्यानला जायचे, आनि सासू सगळ्या आळीला सांगायची, माज्या थोरल्याची चाकाची होडी हाय. त्या गाडीला पुढं दोन चपट्या पट्ट्या आनि मधी एक मोठी स्प्रिंग, आनि पुढचा ब्रेक म्हनाल तर वाटीएवढा, असून नसल्यासारखा. मुंब्र्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं, स्प्रिंग तुटली, चाक आडवं झालं. गाडी बैलगाडीत घालून घरी आनली. दिरांनाबी तसंच आनलं.

तेव्हापासून सासूची झोप गेली. रातभर ओट्यावर बसायची. गाडी घरामागं जुन्या जाळ्याखाली पडलेली, सासू बोलायची खाडीत ढकला, आनि हा बोलायचा, आये, गाडी वाईट नाय, तिचे पुढचे पाय वाईट हायत. मी दोघांच्या मधी. मना दोघांचं पटायचं, हीच माजी पंचाईत.

मग एक दिवस हा छावनीच्या भंगारातून नव्या लष्करी गाडीचा पुढचा भाग उचलून घेऊन आला. दोन जाड नळ्या, नळीत नळी, आत स्प्रिंग आनि तेल. मना दाखवायला अंगनात उभा करून वरून दाबला, तर आत गेला आनि सावकाश वर आला, दम घेतल्यासारखा. जुन्या गाडीच्या मानेत तो बसेना. कल्यानच्या लेथवाल्याकडून मधी बसवायचं कडं, बुश, करून आनलं ते ढिलं निघालं, दुसरं आनलं ते घट्ट, मग हा कानशीनं घासत बसला, आनि मी बोंबील सुकत घालता घालता शिव्या देत बसली. ब्रेकचा ड्रमबी त्याच गाडीचा, ताटाएवढा. आतल्या लायनरला, म्हनजे चाक घासून थांबवनाऱ्या पट्ट्यांना, रिवेट मारताना मी धरायला बसली, तर मना उठवलं, बोलला हात धुऊन ये, राखेनं धू, ह्याला तेलाचं बोट लागलं की ब्रेक मेला समज. मी बोलली, एवढं सोवळं तर देवालाबी नाय. पन धुतले हात.

लोक येऊन सांगायचे, पुढचा ब्रेक दाबू नको, मानूस डोक्यावरून पुढं पडतो. हा बोलायचा, गाडी थांबते ती पुढच्यावरच, मागचा नावाला असतो, माजा भाऊ मागच्यावर भरवसा ठेवून गेला. ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

गाडी तयार झाली आनि सासूनं जेवन सोडलं. एक दिला, दुसरा नाय देनार, बोलली. हा भिंतीकडं तोंड करून बसला. शेवटी मीच बोलली, मी बसते ह्यांच्या मागं पाटी घेऊन, मी असताना हे जोरात चालवनार नाय. मना खरं तर भ्या वाटत होतं, पन बोलून गेली. सकाळी सासू उठून स्वताच बोलली, नवी होडी पुजल्याबिगर पान्यात घालतात काय? आना पुढच्या दारी.

नारळ फोडला, हळदकुंकू वाह्यलं, मडगार्डला शेंदूर लावला. मग हा पेट्रोल आनायला गेला, मी आत पाटी भरायला. सासू एकटीच राह्यली गाडीपाशी.

निघालो. कळव्याच्या पुलावर ह्यानं ब्रेक दाबून बघितला, तर माजं नाक त्याच्या पाठीवर आपटलं. बघितलंस, बोलला. खुशीत होता. खड्डे तर कळतसुद्धा नव्हते, पाटीतली मासळी जागची हलली नाय. मी मनात बोलली, करून दाखवलं बाबा ह्यानं.

मुंब्र्याचा उतार लागला आनि वास आला. आता कोळनीच्या पाठीला मासळीची पाटी, वास येनारच, पन तो मासळीचा नव्हता. होडीला चोळतो ते माशाचं तेल, ते तापल्याचा वास, वाऱ्यावर पुढून येत होता. मी विचार करते, गाडीला हा वास कुठून? आनि मना सासूचा हात दिसला. होडीला ती तसंच लावते, वाटीत बुडवून, जीव लावून.

समोर गवताची बैलगाडी आडवी होत होती आनि खालनं ट्रक वर येत होता. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी. ह्यानं पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबायची सोडून सरकत चालली. हा अजून जोरात दाबतोय, दोन्ही खांदे वर आलेले, भरवसा त्याच्यावरच ना, दुसरं काय सुचेचना. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाय, तुमाला ठाऊक हाय, उखान्यातच काय ते. मी त्याच्या कानात ओरडली.

जना, पुढचा सोड, तेल हाय त्यात. डोंगराकडं घे.

नावानं ऐकलं म्हनून असेल, त्यानं सोडला. मागचा दाबला, गिअर खाली टाकला, मागचं चाक घासत आडवं व्हायला लागलं, आनि गाडी डोंगराकडच्या चरात घातली. मी डोळे मिटले. दिरांचं चाक असंच कुठंतरी गेलेलं. धाडकन बसलो खाली, त्या नळ्या पार आत गेल्या, वाटलं आता मोडनार, आनि त्या वर आल्या. चाक सरळच राह्यलं. चरातून दगडांवरून घासत जाऊन मातीच्या ढिगात गाडी रुतली, आमी दोघं एका कुशीवर आनि मासळी सगळ्या रस्त्यावर. ट्रकवाला शिव्या देत गेला.

ह्याचं कोपर सोललेलं, माजा गुडघा. त्यानं तिथंच पाना काढून चाक सोडवलं. ड्रमच्या आत तेलच तेल. बोट लावून हुंगलं आनि एवढंच बोलला, आय. आनि रडला हो. भाऊ गेला तेव्हा नव्हता रडला, तो तिथं रस्त्यात बसून रडला, आनि मी मासळी वेचत राह्यली, कारन मी बघत बसली असती तर मीबी रडली असती. मग सुकं गवत पेटवून त्यानं लायनर त्याच्यावर भाजले, तेल जाळलं, आनि आमी पायी चालायच्या वेगानं घरी आलो.

रस्त्यात ठरवलं होतं, सांगायचं नाय. पन सांगायची वेळ आलीच नाय. सासू ओट्यावर उभी. कोपर बघितलं, गुडघा बघितला, मातीनं भरलेलं चाक बघितलं, आनि बोलली, मना ठाऊक होतं असं काय तरी होनार, म्हनून वाटीभर तेल ओतलं चाकाच्या बेंबीत, त्यानंच राखलं तुमाला. आनि त्या राती ती झोपली. दीर गेल्यापासून पहिल्यांदा, घोरत झोपली. मी आनि हा अंधारात एकमेकांकडं बघत पडलो.

आता दर साली नारळीपुनवेला ती वाटी घेऊन निघते, तशी मी पुढं होते, बोलते आत्या, तुमाला वाकवत नाय, आना इकडं. आनि मडगार्डला चोळते, चाकाला नाय. तिची नजर अधू झालीय, तिला कळत नाय. आळीतल्या नव्या सुनांना ती सांगते, माज्या तेलानं पोरगं वाचलं, आनि मी तिथंच बसून हो म्हनते. पाप लागत असेल तर लागू दे मना.

हा रोज जातो कल्यानला, त्याच उतारावरून. लायनर मी स्वता बघते, हात धुऊन. मना ठाऊक हाय ब्रेक राखतो, तिला वाटतं तेल राखतं, पन सांज झाली की आमी दोघी ह्या ओट्यावर पुलाकडं कान लावून बसतो, ना मना ब्रेकचा धीर असतो ना तिला तेलाचा. पुलाकडनं आवाज आला की ती बोलते, आला गं. मी बोलते, आला आत्या. मग चूल पेटवते.