एकतीस डिसेंबरपर्यंतचा गुडघा

नाही, पण मला सांगा, पगार माझा, गुडघा माझा, आणि तो कधीपर्यंत दुखायला पाहिजे हे ठरवणार कोण? तर कंपनी! एकतीस डिसेंबरपर्यंत! त्यानंतर दुखला तर तो पुढच्या वर्षीचा गुडघा!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या बर्नडीनबाईंमुळे. आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्स गावच्या गोदामात पगार-रजा बघतात त्या. गेल्याच्या आदल्या साली नोव्हेंबरात मला गाठलं. "अहो नोवॉटनी, पुढच्या वर्षासाठी आजारपणाच्या खात्यात पैसे टाका. पगारातून परस्पर कापू, त्यावर कर नाही, औषधपाण्याला वापरा. फक्त एक लक्षात ठेवा हं..." आणि बोट नाचवत, गाणं म्हटल्यासारखं, "वापराऽऽ, नाहीतर विसराऽऽ!" म्हणजे वर्षअखेर उरेल ते कंपनीच्या घशात! मी म्हटलं, उरतंय कशाला? गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलंच होतं. टाकले पंधराशे डॉलर!

आणि काय सांगू... गुडघा बरा झाला हो! व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीकडे सहा वेळा गेलो, तर हा नालायक ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन! ऑपरेशनची गरजच नाही." मी म्हटलं, "अहो डॉक्टर, असं तोडून बोलू नका. छोटंसं तरी करा!... बरं, डावा बघता का?" डावा तर उजव्याहून धडधाकट!

त्याच बाईंनी बसच्या पासाचंही एक बिनकराचं खातं उघडायला लावलं होतं. आणि कंपनीनं काय करावं? गोदाम उचललं नि आणलं माझ्या घरासमोर! रस्ता ओलांडायला कुठली बस मिळते, सांगा! पण जाऊ दे, ते पैसे निदान पडून तरी राहतात. गुडघ्याचे मात्र... वापरा, नाहीतर विसरा!

बघता बघता वर्ष सरलं, तीस डिसेंबर आला. बाहेर मांडीएवढा बर्फ, आणि मी औषधाच्या दुकानात, त्या खात्यातून चालतं म्हणून, उन्हात लावायच्या क्रीमच्या बाटल्या गोळा करतोय. अकरा! आणि मी एकटा नाही हो, अख्खं गोदाम तिथे लोटलेलं! तो फोर्कलिफ्टवाला ऑर्व्हिल पाच थर्मामीटर छातीशी धरून मला म्हणतो, "एक घेतोस का रे? मला मेला तापच येत नाही!" एवढं करून माझे सातशे शिल्लकच. सातशे! साहेबांच्या खुर्चीवरची नवी गादी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

तेवढ्यात आठवलं, हे पैसे बायकोवरही चालतात! आता आमची आर्लीन. नऊ वर्षं चष्म्याचं नाव काढू देत नव्हती. "मला सगळं दिसतं!" म्हणायची, आणि शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसायची! हातापाया पडलो. "अगं, उद्या शेवटचा दिवस. माझ्यासाठी नको, कंपनीची जिरवायला तरी चल!" त्यावर मात्र उठली. लगेच कोट चढवला!

दुसऱ्या दिवशी डोळे तपासले, फ्रेम निवडली, तासाभरात काचा बसवून हातात! सातशे चार डॉलर. वरचे चार मी राजासारखे खिशातून काढून दिले. आर्लीननं चष्मा लावला, खिडकीबाहेर बघितलं आणि... "अगं बाई! झाडाला फांद्या किती रे असतात!" लहान पोरीसारखी हसत होती हो. खरं सांगतो, मला भरूनच आलं. वाटलं, कंपनी गेली खड्ड्यात, पैसे सत्कारणी लागले.

मग ती माझ्याकडे वळली. बघत राहिली. पुष्कळ वेळ.

"लेस्टर?"

"काय गं?"

"...हे कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"हे सगळं!" असं कपाळापासून पोटापर्यंत बोट फिरवलं. दुकानातला माणूस बिचारा तोंड फिरवून फ्रेमा पुसायला लागला.

आता सगळं झकास चाललंय म्हणा. वाचते, विणते, गाडीसुद्धा आपलीच उघडते. फक्त मी खोलीत आलो की चष्मा काढते, घडी घालते, डबीत ठेवते, आणि मग गोड आवाजात म्हणते, "ये, बस." अहो, सातशे चार डॉलर! मी म्हणतो, "आर्लीन, अगं वापर की!"

तर म्हणते, "तुझ्यापुरता नको रे. नऊ वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला ना, तो दिसायला बरा होता!"