छप्पर धुतल्याशिवाय

केल : ‘केलशिवाय दुसरं कोण असला उद्योग करणार?’ हेच शब्द, एनिड, हेच! कपडे धुवायच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मी तिथंच उभा, सगळ्यांची पाण्याची टाकी घासून आलेला, कोपरापर्यंत काळा. आणि ती ग्लेन्डा माझ्याकडं न बघता माझ्याबद्दल बोलतेय!

एनिड : मग तू काय केलंस?

केल : बादली आपटली.

एनिड : भरलेली?

केल : रिकामी. वेडा आहे का मी?

एनिड : मग काही बिघडलं नाही. बस. चहा घेतोस?

केल : पाणी कुठलं?

एनिड : टँकरचं. औषधाचा वास मारतोय. दूध जास्त घातलं की कळत नाही.

केल : नको. तू ह्या बाजूला काय बसलीस, सावलीत? थंडी नाही वाजत?

एनिड : मी इथंच बसते.

केल : उन्हाळ्यात. उन्हाळा संपला. रविवारी आपण दोघांनी खुर्च्या उचलून पलीकडच्या ओसरीवर नेल्या, उन्हाच्या बाजूला. घाई तुझीच होती.

एनिड : असं? मग आल्या असतील त्या परत चालत.

केल : हं.

एनिड : असा बघू नकोस माझ्याकडं. ग्लेन्डाचं सांग.

केल : काय सांगायचं! ती म्हणते, पोराला धीर म्हणून नाही. शाळेत नाही धरला, पावसात काय धरणार. पाऊस दिसला आणि ह्यानं छपराचा पाइप टाकीकडं फिरवला.

एनिड : तिनं बघितलं ना तुला, पाइपला हात लावताना?

केल : बघितलं. खिडकीतून. हात माझाच होता. पण मी पाइप टाकीकडं फिरवत नव्हतो, टाकीपासून बाजूला काढत होतो! आल्या आल्या बघतो तर पाइप आधीच टाकीत. आणि छपरावरनं उतरतंय काय, तर शाई. सगळी शाई आपली धडाधडा आत!

एनिड : उन्हाळ्यातल्या वणव्याची राख.

केल : राख, काकाकुव्यांची घाण, रात्री वर नाचणाऱ्या पॉसमच्या लेंड्या, काय विचारू नकोस. उन्हाळाभराचं छप्पर ते.

एनिड : म्हणून तर नियम आहे. उन्हाळ्यात पाइप बाजूला. पहिला पाऊस छप्पर धुतो, तो जमिनीवर सोडून द्यायचा. बादली धरून बघत राहायचं. बादलीचा तळ दिसला की मग पाइप टाकीकडं.

केल : मला पाठ आहे. नियम तुझाच.

एनिड : माझा आणि बेझिलचा. बेझिल म्हणायचा, थोडंसं तर घेऊ, वाया जातंय, जीव जातो, बघवत नाही. आम्ही भांडायचो ह्याच्यावरनं. भर पावसात, छत्र्या धरून.

केल : पाइप बघायचा आठवडा आमच्या घराचा होता. आई बेकरीत, रात्रपाळी. म्हणजे मीच. मी मैदानावर होतो. पहिला थेंब पडला आणि मी धावत सुटलो. एक बूट तिथंच राहिला.

एनिड : मग हे सांगितलंस का नाही त्यांना?

केल : सांगितलं की! ग्लेन्डा म्हणाली, ‘पकडल्यावर सगळे असंच म्हणतात, केल.’ गोड आवाजात. तो आवाज डोक्यात जातो माझ्या.

एनिड : तिच्या नातवाच्या दुधाला ते पाणी गेलं होतं. पोर दोन दिवस ओकत होतं. तिला राग धरायला कुणीतरी हवंय.

केल : मग मी हवा होय? उन्हाळाभर आम्ही टबात उभं राहून अंघोळ केली, ते पाणी नासपतीला घातलं, भांडी पुसून धुतली, संडासात लोटाभर लोटाभर टाकलं. आई तर केस कापून मोकळी झाली. सगळं कशासाठी, तर तळाशी प्यायचं तेवढं उरावं म्हणून. आणि तेच काळं झालं. मला राग नाही आला? मी आत उतरून घासली ती टाकी. काळं पाणी बादल्यांनी झाडांना घातलं, सांडलं नाही. ते कुणी नाही बोलत.

एनिड : आज बैठकीत बोलतील.

केल : आज बैठकीत मला नाही म्हणतील! तेच तर सांगतोय. बेझिलची रिकामी खोली मला द्यायची का, ते आज ठरणार. सगळ्यांनी हो म्हणायला लागतं. एकजण जरी नाही म्हणाला तरी संपलं. आणि तो एकजण कोण ते आता मला माहितीय.

एनिड : तुझी आई कधी निघणार?

केल : महिनाअखेर. तिच्या त्या मित्राचा, रिकचा ट्रक येतोय. पार उत्तरेला, केर्न्सला, त्याच्या भावाच्या गॅरेजला. मला म्हणतात, तिथं पाऊसच पाऊस, मजा येईल. मला नको त्यांचा पाऊस. मला ती खोली पाहिजे. दार नीट लागत नाही, पत्रा वाजतो, सगळं माहितीय. तरी पाहिजे.

एनिड : का रे? शाळा सोडलीस तेव्हा म्हणाला होतास, जग बघायचंय.

केल : ते शाळेतनं दिसत नव्हतं म्हणून म्हणालो. इथनं दिसतं.

एनिड : काय दिसतं इथनं?

केल : सगळं. कोण कुठल्या दिवशी कपडे वाळत टाकतं. कोण रात्री नळ चोरून सोडतं, तेही. टाकीवर बोटाच्या पेरानं ठोकलं की पाणी कुठवर आहे ते मला कळतं, ग्लेन्डाला नाही कळत. ती शिडी लावून वाकून बघते.

एनिड : तुला कुणी शिकवलं ठोकायला?

केल : तूच.

एनिड : हं. मग बरं शिकवलं.

केल : एनिड.

एनिड : काय?

केल : पाइप नुसता फिरवलेला नव्हता. बांधलेला होता, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मी ते बांधलेलं सोडलं आणि खिशात टाकलं. मंगळवारपासून खिशातच आहे. हे बघ.

एनिड : जरा उजेडात धर.

केल : काय आहे हे?

एनिड : मोज्याची पट्टी.

केल : कुणाची?

एनिड : तुला माहितीय कुणाची. असल्या रंगाचे लांब मोजे आता घालतं कोण? टोमॅटोची रोपं बांधते मी असल्या पट्ट्यांनी.

केल : दोन फेरे आणि अर्धी गाठ. टोमॅटोला तशीच असते. ह्या पाइपलाही तशीच होती.

एनिड : म्हणजे तू मला पकडायला आलास.

केल : नाही. मी... हो. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. का केलंस तू? नियम तुझा, आणि तूच? बेझिलसारखा जीव गेला तुझा? बघवलं नाही?

एनिड : केल, मी कधी गेले पाइपपाशी?

केल : मंगळवारी. पाऊस आला तेव्हा.

एनिड : मंगळवारी मी झोपले होते.

केल : तुझे बूट ओले होते. मी बघितले. तुझ्या पायरीवर, उलटे करून ठेवलेले.

एनिड : बूट उलटे मीच ठेवते. म्हणजे गेले असेन. मला आठवतं ते असं, की मी बादली धरली, तळ दिसला, मग पाइप फिरवला. छान नितळ पाणी होतं. बेझिल शेजारी उभा होता, छत्री धरून.

केल : बेझिल जाऊन दोन वर्षं झाली.

एनिड : ते मला माहितीय. आत्ता माहितीय. मंगळवारी ते माहीत असणं कुठं गेलं होतं, कुणास ठाऊक.

केल : एनिड, हे बघ, मी काही...

एनिड : थांब. मला जरा बघू दे ही पट्टी. हो, माझीच. कात्री बोथट झालीय, कड फाटते, बघितलंस? फिलिपला हे कळलं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल. मागच्या महिन्यात किटली जळली तेव्हाच म्हणाला, ‘आई, आणखी एकदा काही झालं ना...’ जीलाँगला म्हाताऱ्यांना ठेवायची एक जागा बघून ठेवलीय त्यानं. गालिचा आहे म्हणे. नळ सोडला की पाणी, वाट्टेल तेवढं.

केल : मी नाही सांगत कुणाला.

एनिड : मग खोली जाईल.

केल : जाऊ दे खोली! च्यायला, खोली काय... नाही, जाऊ दे कशी? मला पाहिजे ती. पण तुला जीलाँगला पाठवून नको.

एनिड : ओरडू नकोस. कुणीतरी येतंय.

(ग्लेन्डा ओसरीच्या पायरीशी येते.)

ग्लेन्डा : एनिड, बैठकीला चलताय ना? आभाळ भरलंय, सगळे स्वयंपाकघरात जमलेत. केल, तू इथं आहेस होय? मला तुझ्यावर आरोप करायचा नाहीये, फक्त मला वाटतं की आज सगळ्यांसमोर तू स्वतःहून बोललास तर...

केल : तुम्ही केलात आरोप. करून झाला. ‘आरोप करायचा नाही’ कसलं म्हणता?

ग्लेन्डा : हे बघ, हाच स्वर...

एनिड : ग्लेन्डा, बस. पाइप मी फिरवला.

ग्लेन्डा : काय?

केल : खोटं बोलतेय ती. माझ्यासाठी.

एनिड : मी तीस वर्षं टेलिफोनच्या एक्स्चेंजवर बसले. खोटं कसं बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून बोलत नाही. ही पट्टी पाइपला होती. ह्या पोरानं सोडली आणि खिशात घातली. बघ, गाठीची मोड अजून तशीच आहे.

ग्लेन्डा : ही... तुमच्या टोमॅटोची.

एनिड : हो. छप्पर धुतल्याशिवाय फिरवला. मला वाटलं, धुतलं गेलंय. धुतलं होतं, पण ते कुठल्यातरी दुसऱ्या वर्षी. तुझ्या नातवाला माझ्यामुळं त्रास झाला. आता बरा आहे ना?

ग्लेन्डा : बरा आहे. काल बिस्किट खाल्लं. एनिड, पण तुम्ही... म्हणजे तुम्हाला हे असं कधीपासून...?

एनिड : मला कसं माहिती असणार? तेच तर विसरतेय मी.

ग्लेन्डा : केल, तू ही पट्टी मला का दाखवली नाहीस? मंगळवारीच दाखवली असतीस तर...

केल : तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगितलंत, मी काय केलं ते.

ग्लेन्डा : मी खिडकीतून बघितलं, तुझा हात पाइपवर होता.

केल : हात बघितलात. कुठल्या बाजूला फिरतोय ते नाही बघितलंत.

एनिड : पुरे, केल. तिला पचू दे.

ग्लेन्डा : एनिड, मला फिलिपला कळवावं लागेल. मी लपवू शकत नाही. पाण्याचं काम माझ्याकडं आहे.

एनिड : कळव. तुला वाटतं तसं कळव. फक्त खोलीचं आधी घे आणि माझं नंतर. उलट केलंस तर सगळे माझ्यावर हळहळत बसतील आणि पोराचं राहून जाईल.

केल : कुणी हळहळून मला खोली नकोय.

एनिड : तुला कशानंही मिळाली तरी तू घे. दार नीट लागत नाही म्हणालास ना? बेझिल खालून पाचर मारायचा. पाचर तिथंच असेल, पायरीखाली.

ग्लेन्डा : हा आवाज...?

केल : पाऊस.

ग्लेन्डा : अरे देवा. आत्ता? केल, बैठक लगेच सुरू होईल. खोलीसाठी ज्याचा अर्ज त्यानं समोर बसून बोलायचं असतं. तू नसलास तर विषय पुढच्या महिन्यावर.

केल : पुढच्या महिन्यात मी केर्न्सला असेन. आठवडा कुणाचा?

ग्लेन्डा : काय?

केल : पाइपचा आठवडा. कुणाचा?

ग्लेन्डा : तुमचाच, रविवारपर्यंत. पण छप्पर तर मंगळवारी धुतलं गेलंय. सरळ टाकीकडं फिरवला तरी...

एनिड : मंगळवारनंतर काकाकुवे बसले नाहीत का वर?

केल : पन्नास तरी बसले. काल संध्याकाळी. मी आत टाकीत होतो, वर नुसता दंगा चालला होता.

एनिड : मग?

केल : मग बादली. तुझी पांढरी कुठंय? काळ्या बादलीत तळाचं काही कळत नाही.

एनिड : दाराआड. मी येते छत्री धरायला.

केल : तू बैठकीला जा. आणि खुर्च्या इथंच राहू दे, मी येऊन नेतो.

ग्लेन्डा : केल, अरे, मी त्यांना काय सांगू? तू आला नाहीस, हे कसं सांगू?

केल : जे दिसतंय ते सांगा. ह्या वेळी नीट बघून सांगा. एनिड, ती पट्टी दे इकडं, वारा सुटलाय, पाइप बाजूला बांधावा लागेल, तळ दिसेपर्यंत. बास, मला निघायला पाहिजे.