डबाभर गोगलगाई

—नाही बाई, तसल्या माळा आता मिळत नाहीत. ही फोटोत तुमच्या आईंच्या गळ्यात आहे ना, बारक्या तपकिरी शंखांची, ती बहुतेक माझ्या थोरल्या बहिणीनं, तेतुआनंच ओवलेली. अख्ख्या मोरेआ बेटावर तिच्यासारखं ओवणारं कोणी नव्हतं. त्या गोगलगाई झाडांवर राहायच्या, नखाएवढ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताई दरीतून वेचून आणायची, उकडायची, ओवायची—ह्या घ्या ना, समुद्रातल्या कवड्यांच्या.

कुठं गेल्या? खाल्ल्या. म्हणजे असं—तेव्हा बाहेरून आलेल्या मुठीएवढ्या गोगलगाई आमचं अळू फस्त करत होत्या. म्हणून शेतीखात्यानं त्यांना खाणारी दुसरी गोगलगाय आणली, शिकारी. पलीकडच्या दरीत सोडली. मी तिथं सामान वाहायला होतो. आमच्या दरीत कधी सोडणार, म्हणून साहेबाच्या मागं लागलो. तिहोनी नाव त्याचं. तो म्हणाला, "थांब जरा. आधी बघू दे काय काय खातात." थांबतोय कोण? अळू माझं जात होतं ना. त्याच्याच टेबलावरचा कॉफीचा रिकामा डबा घेतला, ओलं शेवाळ घातलं, चाळीसेक भरल्या आणि—हो, मीच. मीच नेल्या आमच्या दरीत.

मोठ्यांच्या त्या शिकारी फारशा वाटेलाच गेल्या नाहीत. बारक्यांचा माग काढत झाडांवर चढल्या. पहिल्या वर्षी ताई खूश—झाडांखाली रिकाम्या शंखांचा सडा, उकडायचीही कटकट नाही. यंदा देव पावला, म्हणाली. दोन-तीन वर्षांत झाडं ओकीबोकी.

मग तिहोनी घरी आला, माफी मागायला. ताईनं त्याला अंगणातच उभं केलं. म्हणाली, "तुम्ही आणलंत हे. माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका." मी तिच्या शेजारी उभा. त्यानं माझ्याकडे पाहिलं—डबा कुणी नेला ते त्याला ठाऊक होतं, बाई—आणि मान खाली घालून गेला. माझं नाव नाही घेतलं. गेल्या वर्षी वारला बिचारा. ताई म्हणाली, त्याच्या मातीला आपल्या घरातलं कोणी जायचं नाही. नाही गेलो मी.

सांगून टाकू म्हणता? ब्याऐंशीची आहे हो ती, तिला कशाला आता—नाही, खोटं कशाला बोलू, तिच्यासाठी नाही. तिनं मलाही तसंच अंगणात उभं केलं तर—

आली बघा ती. तो फोटो आत ठेवा. ठेवा म्हणतो ना. कवड्यांचं विचारा काहीतरी.