आर्मारचा मेंदू

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा, शब्दही साधेच आहेत, शाळा सातवीत सुटली… पण तुम्हाला सांगतो, चूक माझी एकट्याची नाही. ह्या गोव्यात कपाटाला आर्मार म्हणतात, त्याला मी काय करू? गडहिंग्लजहून इकडे पाळी गावात सुतारकामाला आलो, तर पहिल्याच दिवशी आमचे मोठे मिस्त्री, गोकुळदास मेस्त, म्हणाले, "कपाट म्हणू नाका रे, हांगा आर्मार." म्हटलं, असेल गोव्याची पद्धत.

मग एक काम माझ्या एकट्यावर सोपवलं. "चुकल्यार परत गावाक वचपाचें," म्हणाले, म्हणजे चुकलो तर गावी परत, आणि फोन हातात दिला. पलीकडे शाळेतल्या सिद्धी टीचर, अलीकडे रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांचा खडखडाट. टीचर म्हणतात, "प्रदर्शनाला लाकडी आर्मादिल्लोचा मेंदू हवा." मला ऐकू आलं, आर्मार दिलो… म्हणजे आर्मारची ऑर्डर दिली की हो. मेंदू म्हणजे आतली रचना, दुसरं काय?

"लांबून दिसेल एवढा मोठा करा, आणि उघडता यायला हवा." पुरुषभर उंची, दोन दारं. "वासाचा भाग सगळ्यात पुढे, खूप मोठा." डांबरगोळ्यांना एवढा कप्पा? म्हटलं, असेल गोव्याची पद्धत. "वर घड्या जवळजवळ नसतात, गुळगुळीत." म्हणजे नुसते हँगर. "मागे लहान मेंदू, त्याला मात्र घड्या." रुमालांचा कप्पा. विचारलं असतं हो, पण बाईमाणसाशी बोलताना माझी जीभच उचलत नाही…

नमुन्यादाखल आत डांबरगोळ्या आणि घडीचे रुमाल ठेवले, आणि चौघांनी आर्मार शाळेत नेऊन ठेवला. टीचर पांढऱ्याफटक. "किरण, अहो, आर्मादिल्लो म्हणजे जनावर. तिकडे अमेरिकेत असतं, आपल्या खवले मांजरासारखं!" माझ्या डोळ्यांसमोर गडहिंग्लजची एसटी उभी राहिली.

तेवढ्यात हेडमास्तर प्रमुख पाहुण्यांना घेऊन आलेच. टीचरनी आधीच लावलेली चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली, "आर्मादिल्लोचा मेंदू." पाहुण्यांनी दार उघडलं, डांबरगोळ्यांचा भपकारा आला, दोनदा शिंकले. "वासाचा भाग फारच जिवंत केलाय हो." मग मागचा कप्पा ओढून रुमाल बघितले. "घड्यासुद्धा आहेत."

पहिला नंबर. टीचर माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे. म्हटलं, असेल गोव्याची पद्धत. मेस्तनी पाठीवर थाप मारली, एसटी टळली. आणि हेडमास्तर म्हणाले, "हा मेंदू माझ्या केबिनमध्ये राहील. पण असा उघडा बरा नव्हे, मुलं आत काहीतरी घालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी मेंदूला कुलूप घालून आलो.