खोर्लोचं प्रस्थान आणि स्प्रिंगचा चिमटा

— मिळतो रे, तयार मिळतो. स्प्रिंग दाबायचा चिमटा शहरात रंगीत डब्यात घालून मिळतो, मला ठाऊक आहे. पण शहर तुझ्या वाटेवर होतं, शगदर, माझ्या नाही – तू तिथून निघालास, कोरड्या नदीत पुढची स्प्रिंग मोडून घेतलीस आणि काल संध्याकाळी लंगडत माझ्या दारात आलास. आता माझ्या पद्धतीनं व्हायचं. बस त्या टायरवर. तिकडं सरक, इकडं ठिणग्या उडतात. हा बघ, रशियन ट्रकचा पाटा. ट्रक मोडीत गेला, ट्रकवाला गेला, ज्याचा कोळसा वाहायचा ते सरकारही गेलं – पाटा आहे तसाच. यातून चार आकड्या कापायच्या, शेकोटीत लाल करून वाकवायच्या, भोकं पाडून आटे पाडलेल्या दोन सळया ओवायच्या, झाला चिमटा. आकड्यांनी दुसऱ्या स्प्रिंगची, माझ्याकडं मोडीतली आहे तिची, वेटोळी धरायची आणि नट आवळायचे, जरा हा, जरा तो. एक बाजू पुढं गेली की स्प्रिंग पोट काढते, आणि मग सुटते. कुठं जाते? एकदा माझ्या हातून सुटली ती आमच्या गोल तंबूच्या, गेरच्या धुराड्याच्या भोकातून वर गेली, आणि उतरली ती पलीकडच्या तळावरच्या योंदोनच्या उंटावर, दोन मदारींच्या मधोमध, अशी फिट्ट, की जिल्ह्याचा जनावरांचा डॉक्टर तीन मदारींचा उंट बघायला आला. खोटं वाटतंय? योंदोनला विचार. म्हणजे – नको, योंदोनला राहू दे.

घाई तुला नाहीये, मला कळतं. घाई तिला आहे. ती बघ, घोडे बांधायच्या दोरापलीकडं, ट्रंकेवर बसलीय, वाऱ्याकडं पाठ करून. माझी बायको आहे ती, खोर्लो. काल सोमवारी, मी घरात नसताना, तिनं प्रस्थान ठेवलं. आज मंगळवार, मंगळवारी कोण निघतं? पण प्रस्थान ठेवलं की निघाल्यात जमा, वार कुठलाही असो. वहिनीला हाताशी घेऊन ट्रंक उंबऱ्याबाहेर काढली, दोरापलीकडं नेऊन ठेवली आणि रात्री झोपली वहिनीच्या गेरमध्ये. आता तिला मागं फिरता येत नाही. स्वतःच्या चुलीशी येऊन वाटीभर चहासुद्धा घेता येत नाही, प्रवास मोडतो. सकाळी मीच नेऊन दिला, खारा, चांगलं दूध घालून. थंडच झाला असणार तिथवर. घेतला तिनं.

कुठं म्हणजे? तुलाच माहीत की, भाडं तूच ठरवलंस. शहरात, सरूलकडं, लेकीकडं, तिला दुसरं मूल होतंय. हिवाळ्यापुरती जाते म्हणाली. मी म्हटलं जा. हिवाळ्यापुरती माणसं जातातच. पण मी ती ट्रंक उचलून बघितली, शगदर, म्हटलं गाडीत चढवायला किती जड आहे बघावी – तिच्यात शिवणयंत्र आहे. आणि उन्हाळ्याचा रेशमी देल, तो लांब अंगरखा. हिवाळ्यापुरतं जाणारी बाई उन्हाळ्याचं कापड कशाला नेते? सरूलच्या घरी गरम पाणी भिंतीतून येतं म्हणे. इथं मी आहे, आणि भिंतीतून फक्त वारा येतो. तिनं काही मला सोडून चालले असं म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर भांडलो तरी असतो.

धर जरा, सळई धर. घट्ट. कानस मारताना हलते.

हळू करतोय? लोखंड आहे, लोणी नाही. आणि भोक तिरकं पडलं तर घाटात, म्हणजे तू आणि ती – नको, ते बोलायचं नाही. आधी केलेला होता ना चिमटा, म्हणून तर हात बसलाय. चांगला होता, या कंटेनरच्या दारामागंच टांगलेला असायचा. मागून नेला कुणी? छे, मीच नेऊन दिला. काल दुपारी तुझा फोन आला, स्प्रिंग मोडली म्हणून, मी मोटारसायकल काढली आणि योंदोनला देऊन आलो. तोही बघतच राहिला, म्हणाला, मी याचं काय करू, माझ्याकडं उंट आहेत.

असा बघू नकोस माझ्याकडं. माझा हिशोब साधा होता. संध्याकाळी तू येणार, मंगळवारी कोणी हलणार नाही, बुधवारी चिमटा नाही – दोन दिवस ती घरात, चुलीशी. मी काही सांगणार नव्हतो, मला सांगता कुठं येतं? मी नुसता समोर बसलो असतो. ती म्हणाली असती, तोंड का पाडलंय, मग कदाचित – आणि मी तिकडं योंदोनच्या हातात चिमटा देतोय, तोवर हिनं इकडं ट्रंक बाहेर काढली. परत येतो तो घर रिकामं, चूल विझलेली. दोन दिवस मिळवायला गेलो, कालचा एक होता तोही घालवला. पहाटे उठून चिमटा परत आणायला गेलो, तर योंदोन तळ हलवून हिवाळी कुरणाकडं गेलेला, चिमट्यासकट. उंटाला शोभेलसा बांधला असेल कुठंतरी.

म्हणून म्हणतो, हळू करत नाहीये मी. आता नाही. वारा बघ कसा सुटलाय. ती बाहेर बसणार, वहिनीकडं दोनदा बोलावलं, गेली नाही, गाडीवर नजर लावून बसलीय. मी हळू केलं तर गार तीच पडते, मी इथं शेकोटीशी. – आण तो पाना. मोठा नाही, तो. आता बोलू नकोस, मीही बोलत नाही. जरा हा. जरा तो. बघ, वेटोळी सरळ दबतायत, पोट नाही काढत. हात मध्ये नको. हा. पुन्हा तो. बसली. ऐकलंस, टक्कन? जागेवर बसली. आता नट सोड, तसेच, जरा हा, जरा तो. चाक चढव. जॅक उतरव.

हलवून बघ. जोरानं. – चांगली आहे. माझ्या इतर कामांपेक्षा चांगली आहे.

पैसे ठेव खिशात. आणि ऐक, वाटेत तिला कितीही वाटलं तरी कधी पोचू ते विचारू देऊ नकोस, तूही बोलू नकोस, अपशकुन असतो तो, तुम्हा शहरातल्यांना सवय असते. सीटवर माझं मेंढीचं कातडं टाक. माझं म्हणू नकोस, तुझं म्हण.

मी येतो ना निरोपाला. येतोच. वाट बरी जावी म्हणून गाडीमागं दूध शिंपडायला हवं ना कुणीतरी. नेहमी तीच शिंपडते – कोणीही निघो, पाहुणा, वहिनी, सरूल लग्न होऊन गेली तेव्हा, मी चाकं आणायला तालुक्याला जातो तेव्हासुद्धा. दूध आहे. ते शिंपडायचा नऊ खळग्यांचा लाकडी डाव ती कुठं ठेवते ते मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत कधी बघितलं नाही.

नको, तिला विचारू नकोस. सांगायला घराकडं वळून बघावं लागेल तिला. मी शोधतो. तू चालू कर गाडी. जा.