मामाचा टँगो आणि मामाची दाढ

दातांच्या दवाखान्यात प्लंबरचा नंबर शेवटचा होता, सुजलेला गाल मात्र सगळ्यांच्या पुढे होता. समोर एक अ‍ॅकॉर्डियनवादक मामा आणि त्यांची भाची मोबाइलवर गाणं ऐकत होते.

“हा टँगो नाही. यात रॅप आहे, बँडचा ढोल आहे आणि मध्येच कोणीतरी अंगाई म्हणतंय.”

“टँगोच आहे, मामा. खाली तुमचंच अ‍ॅकॉर्डियन वाजतंय. पाच वाजता मी गाणं नेटवर टाकणार, पण तुम्ही हो म्हणालात तरच.”

“तो अंगाईवाला काढ, मग हो.”

“तो तुम्ही आहात. वाजवताना गुणगुणता.”

“कधीपासून?”

“मामी म्हणते, लग्नाआधीपासून.”

“आणि कोणी बोललं नाही मला? पुन्हा लाव बघू. आवाज वाढव. बरा गातो की हा माणूस. दुसऱ्या कडव्यात का नाही?”

“तिथे तुम्ही खोकलात.”

“मग चल, आत्ता नवं गाऊ. पाचला दोन तास आहेत.”

“आणि दाढ?”

“उद्या. बधिर तोंडाने कोण गुणगुणणार? नर्सबाई, माझ्या जागी या गालवाल्यांना घ्या.”

तीन दिवस कळ सोसलेला प्लंबर ताडकन उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

“तो अंगाईचा तुकडा एकदा लावता? मग जातो आत.”